बदली खेळाडू आणि पंचांचे घड्याळ



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने एका विषयाचा अभ्यास करून लिहायचे, असे गुरुजींनी सांगितले होते. कोणी हापूस आंबा घेतला, कोणी गोपाळगड घेतला, कोणी बगळा घेतला. मी ‘फुटबॉलमध्ये वेळ कशी मोजतात’ हा विषय घेतला. मुले हसली. म्हणाली, वेळ काय, घड्याळात बघायची! मलाही आधी तसेच वाटायचे. पण आमच्या सामन्यात जे घडले त्यामुळे मला हा विषय घ्यावासा वाटला. म्हणून आधी तो सामना सांगतो, मग अभ्यास सांगतो.

सामन्यात काय झाले

शिमग्याच्या आधीच्या शनिवारी आमच्या शाळेचा आणि शेजारच्या गावच्या शाळेचा फुटबॉलचा सामना झाला. शनिवारी सकाळची शाळा असते. म्हणून दुपारी साडेतीन वाजता सुरूच्या बनापुढे पुळणीवर खेळायचे ठरले. त्या वेळी ओहोटी होती. ओहोटीला पाण्याजवळची वाळू घट्ट असते, तिच्यावर बॉल चांगला पळतो. सुरूच्या काठ्या रोवून गोल केले. पायाने वाळू ओढून रेषा मारल्या. पंधरा पंधरा मिनिटांचे दोन भाग आणि प्रत्येक बाजूला सात खेळाडू, असे ठरले. पंच तिसऱ्याच एका शाळेचे सर होते. ते ना आमचे, ना त्यांचे.

मी पहिल्या सातांत नव्हतो. मी बदली खेळाडू होतो. माझ्याबरोबर आणखी दोघे होते. आम्ही तिघे रेषेबाहेर वाळूत बसून राहिलो. बदली खेळाडूला काय वाटते, हे बसल्याशिवाय कळत नाही. सगळे धावत असतात आणि आपण नुसते ओरडत असतो. घसा दुखतो, पाय दुखत नाहीत.

पहिल्या भागात आमचा एक गोल झाला. दुसऱ्या भागात त्यांची मुले फार जोरात खेळू लागली. पण आमची गोलकीपर मुलगी आहे, ती काही बॉल आत जाऊ देईना. सामना संपायला चार मिनिटे राहिली. तोवर आमच्या बाजूने एकही बदली झाली नव्हती. तेवढ्यात आमचा कॅप्टन ओरडला, “सर, बदली!” मला इतका आनंद झाला की मी उभाच राहिलो.

पहिली बदली झाली. बाहेर जाणारा मुलगा समुद्राच्या बाजूच्या रेषेजवळ होता. तिथून एका उडीत बाहेर गेला असता. पण तो सगळे मैदान ओलांडून सुरूच्या बाजूला आला. वाटेत दोघांशी हात मिळवले. थोड्या वेळाने बॉल पाण्यात गेला, तेव्हा दुसरी बदली. बाहेर जाणारा मुलगा मध्येच खाली बसला आणि म्हणाला, “पायात शिंपला रुतला.” आम्ही सगळे अनवाणीच खेळतो, म्हणून ते खरे वाटावे. पण बाहेर आल्यावर तो हसत होता.

तिसरी बदली माझी. आमच्या शाळेकडे आकडे घातलेल्या निळ्या गंज्या सातच आहेत. म्हणून बाहेर येणाऱ्याने गंजी काढून आत जाणाऱ्याला द्यावी लागते. माझ्या मित्राची गंजी घामाने भिजली होती. ती त्याच्या डोक्यातच अडकली. ते मात्र खरोखर झाले. मी ती घातली आणि धावत निघालो, तर कॅप्टन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “धावू नको रे. हळूहळू चाल.”

मी हळूहळू चाललो. सगळा सामना धावायची वाट पाहिली होती आणि आत गेल्यावर चाललो.

बाहेर एका मुलाने वडिलांचे घड्याळ आणले होते. तो ओरडू लागला, “पंधरा मिनिटे झाली! संपला सामना!” पण पंचांनी शिट्टी वाजवली नाही. त्यांनी दोन बोटे वर केली आणि मोठ्याने सांगितले, “अजून दोन मिनिटे.” त्या दोन मिनिटांत बॉल एकदा माझ्याकडे आला. मी तो मारला, तो बाहेर गेला. मग त्यांच्या मुलांनी बॉल आत आणला आणि गोल केला. एक-एक बरोबरी झाली. मग शिट्टी वाजली.

आमच्या बाजूची सगळी मुले ओरडू लागली. “सर, तुम्ही त्यांना दोन मिनिटे फुकट दिलीत!” मीही ओरडलो. खोटे कशाला सांगू?

सर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला आणि आम्हाला दाखवला. त्यावर असे लिहिले होते.

पहिली बदली — ३० सेकंद
दुसरी बदली — ४० सेकंद
तिसरी बदली — ५० सेकंद

सर म्हणाले, “चौथीतली मुलं ना तुम्ही? करा बेरीज.”

३० + ४० + ५० = १२० सेकंद. म्हणजे बरोबर दोन मिनिटे. मग कोणी काही बोलले नाही.

घरी येऊन मी आजीला सगळे सांगितले. मला रडू येत होते. आजी म्हणाली, “तुमी त्येंचा येल खाल्लात, तो पंचान परत दिलान. त्यात रडायचं काय?”

मला तिचे म्हणणे पटले, पण सगळे पटले नाही. माझ्या मित्राची गंजी खरोखर अडकली होती. मग तो वेळ आम्ही खाल्ला असे कसे म्हणायचे? आणि दोन्हींचा हिशेब सरांनी एकाच कागदावर कसा लिहिला? हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधायला मी गुरुजींना विचारले. शिमग्याला मुंबईहून माझा चुलतदादा आला, त्यालाही विचारले. तो तिकडे त्याच्या शाळेच्या संघात फुटबॉल खेळतो. मला जे समजले ते पुढे देत आहे.

आधी कबड्डीचे बघू

आपल्याकडे सगळ्यांना कबड्डी माहीत आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची असते. त्याहून जास्त वेळ कोणाला नुसते नाचत राहता येत नाही. सलग दोन चढायांत संघाला गुण मिळाला नाही, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद होतो. पुढे असलेल्या संघाने नुसता वेळ काढू नये, हाही त्याचा एक उपयोग आहे.

कबड्डीत खेळाडू बदलायचा असेल तर तो मध्यंतरात किंवा टाइम-आउट घेऊन बदलतात. प्रत्येक डावात प्रत्येक संघाला ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट मिळतात. टाइम-आउट चालू असताना सामन्याचे घड्याळ बंद ठेवतात. म्हणजे बदली होत असताना सामन्याची वेळ जातच नाही. कितीही हळू चाला, फायदा नाही.

फुटबॉलचे तसे नाही. फुटबॉलमध्ये घड्याळ चालूच राहते. बॉल बाहेर गेला तरी चालू, कोणी पडला तरी चालू, खेळाडू बदलला तरी चालू. म्हणून ज्याला वेळ काढायचा आहे त्याला वाटते की आपण चाललो तेवढी वेळ गेली. पण ती गेलेली नसते. पंचांनी ती लिहून ठेवलेली असते.

थोडक्यात, वेळ राखण्याच्या दोन रीती आहेत. एक, घड्याळ थांबवायचे. दुसरी, घड्याळ चालू ठेवायचे आणि गेलेली वेळ शेवटी परत द्यायची. कबड्डीच्या टाइम-आउटमध्ये पहिली रीत आहे. फुटबॉलमध्ये दुसरी रीत आहे.

फुटबॉलमध्ये बदली कशी करतात

फुटबॉलचे एकूण १७ नियम आहेत. ते नियम ठरवणारे मंडळ १८८६ साली स्थापन झाले. जगात सगळीकडे त्याच नियमांनी खेळतात. बदलीचे सांगणारा नियम तिसरा आहे. त्यातील मुख्य गोष्टी अशा.

१. बदली करण्याआधी पंचांना सांगावे लागते.

२. खेळ थांबलेला असतानाच बदली होते. बॉल पळत असताना कोणी आत धावायचे नाही.

३. बाहेर जाणाऱ्याने आपल्याला जवळ असलेल्या रेषेवरून बाहेर जायचे. पंचांनी दुसरीकडून जा असे सांगितले तरच दुसरीकडून जायचे.

४. तो पूर्ण बाहेर गेल्यावर आणि पंचांनी खूण केल्यावरच नवा खेळाडू आत येतो. तो मध्यरेषेजवळून येतो.

५. नवा खेळाडू तयार नसेल तर पंच बदली थांबवू शकतात.

६. बाहेर जायचे त्यानेच जायला नकार दिला, तर पंच भांडत बसत नाहीत. खेळ पुढे चालू होतो.

यातील तिसरी गोष्ट २०१९ साली नियमात आली. त्याआधी मोठ्या सामन्यातील खेळाडू पार पलीकडच्या टोकापासून मैदान ओलांडून सावकाश चालत यायचे. आमच्या पहिल्या बदलीत जे झाले अगदी तेच! म्हणजे ही युक्ती आमच्या कॅप्टनने शोधलेली नाही. मोठ्या लोकांनीही केलेली आहे. म्हणून तर नियम करावा लागला.

पाचवी गोष्ट वाचून मला लाज वाटली. मी तयार नव्हतो. माझ्या अंगात गंजीच नव्हती. दादा म्हणाला, “मोठ्या स्पर्धेत तुला सांगितलं असतं, आधी कपडे घालून ये.”

मोठ्या स्पर्धांत एका संघाला पाच खेळाडू बदलता येतात. पूर्वी तीन बदलता यायचे. २०२० साली कोरोनाच्या काळात खेळाडूंना दमणूक होऊ नये म्हणून पाच केले, आणि २०२२ पासून तो नियम कायम झाला. पण त्यात एक गाठ मारून ठेवली आहे. बदल्या पाच असल्या तरी त्यासाठी खेळ तीनदाच थांबवता येतो. मध्यंतरात केलेली बदली यात धरत नाहीत. पाच वेळा थांबवून पाच वेळा वेळ काढायचा, असे कोणी करू नये म्हणून हे केले आहे.

भरपाई वेळ

आता दोन मिनिटांचे सांगतो. हे सातव्या नियमात आहे. सामन्यात खेळाडू बदलताना, जखमी खेळाडूला बघताना किंवा त्याला बाहेर नेताना, गोल झाल्यावर आनंद करताना, कार्ड दाखवताना आणि कोणी मुद्दाम वेळ काढला तर, जी वेळ जाते ती सगळी पंचांनी त्या भागाच्या शेवटी वाढवून द्यायची असते. तिला भरपाई वेळ म्हणतात.

भरपाई वेळ आणि जादा वेळ यांत गोंधळ करू नये. मी आधी करत होतो. बाद पद्धतीच्या सामन्यात बरोबरी झाली तर निकालासाठी पंधरा पंधरा मिनिटांचे दोन भाग जादा खेळतात. ती जादा वेळ. भरपाई वेळ नवी नसते. ती आपलीच गेलेली वेळ असते.

भरपाई किती द्यायची हे पंच ठरवतात. एकदा सांगितल्यावर ते ती वाढवू शकतात, पण कमी करू शकत नाहीत. समजा पंचांनी दोन मिनिटे सांगितली आणि त्या दोन मिनिटांतही कोणी सावकाश बदली केली, तर तीही वेळ पुढे वाढते. म्हणजे भरपाईची वेळ खाल्ली, तर तिचीही भरपाई!

पंचांची चूक झाली तर काय, असे मी विचारले. पहिल्या भागात मोजताना चूक झाली म्हणून दुसरा भाग लांबवायचा किंवा तोडायचा नाही, असा नियम आहे. ज्या भागाची वेळ त्या भागातच.

२०२२ साली कतार देशात विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्यात इंग्लंड आणि इराण यांच्या सामन्यात इराणच्या गोलकीपरला डोक्याला मार लागला. तिथे पुष्कळ वेळ गेली. पंचांनी पहिल्याच भागाला १४ मिनिटे वाढवून दिली. आमच्या सामन्याचा एक भागच १५ मिनिटांचा! त्यापुढे आमची दोन मिनिटे म्हणजे काहीच नाहीत.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर. भरपाई देताना पंच कोणाच्या मनात काय होते ते बघत नाहीत. गंजी खरोखर अडकली तरी वेळ गेलीच, आणि शिंपला खोटा रुतला तरी वेळ गेलीच. दोन्ही वेळा परत द्यायच्या. म्हणून दोन्ही एकाच कागदावर. भरपाई ही शिक्षा नाही. सरांनी आम्हाला शिक्षा केली नव्हती, तीस मिनिटांचा सामना तीस मिनिटे खेळवला होता. हे कळल्यावर माझा राग गेला.

मग शिक्षा कधी?

शिक्षा बाराव्या नियमात आहे. बदलीच्या वेळी जो मुद्दाम बाहेर जायला उशीर करतो, त्याला पंच पिवळे कार्ड दाखवू शकतात. एकाच सामन्यात दोन पिवळी कार्डे मिळाली तर लाल कार्ड, आणि लाल कार्ड मिळाले की मैदानाबाहेर. त्याच्या जागी दुसरा येत नाही.

इथे मात्र पंचांना मन ओळखावे लागते. खरा काटा लागला का, का नाटक आहे? म्हणून चांगले पंच लहान मुलांच्या सामन्यात आधी तोंडाने सांगतात, “चल बाळा, लवकर.” मग कॅप्टनला बोलावून सांगतात. मग हातातले घड्याळ दाखवतात, म्हणजे सगळ्यांना कळते की वेळ लिहिली जात आहे. कार्ड सगळ्यांत शेवटी. आमच्या सामन्यात सरांनी दुसऱ्या बदलीला घड्याळावर बोट ठेवून दाखवले होते. आम्ही बघितले, पण समजलो नाही.

अलीकडे गोलकीपरसाठीही नियम कडक झाला. २०२५ पासून गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात. आमच्या गोलकीपरने हे ऐकले आणि ती म्हणाली, “बरं झालं आधीच कळलं.”

लहान मुलांच्या सामन्यात वेगळे काय

लहान मुलांसाठी नियमात सूट आहे. मैदान लहान करता येते, बॉल लहान घेता येतो, वेळ कमी करता येते. आणखी एक सूट फार चांगली आहे. मोठ्यांच्या स्पर्धेत एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत आत येत नाही. लहान मुलांच्या सामन्यात तो परत येऊ शकतो, जर स्पर्धेत तसे ठरवले असेल तर. म्हणजे सगळ्यांना आळीपाळीने खेळता येते. जो चांगला खेळतो त्यालाही, आणि माझ्यासारख्यालाही.

पण याच सुटीचा गैरफायदा घेता येतो. बदल्या कितीही आणि परत येणेही चालते, म्हटल्यावर पुढे असलेला संघ शेवटच्या मिनिटांत एकाला बाहेर, दुसऱ्याला आत, परत पहिल्याला आत, असे करत बसू शकतो. मग पंचांनी काय करायचे? शेवटची मिनिटे आहेत एवढ्यावरून बदली नको म्हणणे बरोबर नाही. कारण रेषेबाहेर बसलेल्या मुलाचा त्यात काय दोष? तोही खेळायलाच आलेला असतो. म्हणून पंच बदली होऊ देतात आणि वेळ लिहितात. दोन-तीन बदल्या असतील तर एकदमच करा, असे सांगतात. बदल्या किती, हे सामन्याआधीच दोन्ही संघांशी बोलून ठरवून घेतले तर भांडण होत नाही.

थोडा इतिहास

पूर्वी विश्वचषक स्पर्धेत बदली खेळाडू नव्हताच. कोणाचा पाय मोडला तर तो संघ दहा जणांनीच खेळायचा. १९७० साली मेक्सिको देशात झालेल्या विश्वचषकात पहिल्यांदा बदली खेळाडूला परवानगी मिळाली. पिवळे आणि लाल कार्डही विश्वचषकात त्याच स्पर्धेत पहिल्यांदा आले. कार्डांची कल्पना केन ॲस्टन नावाच्या इंग्रज पंचांची. रस्त्यावरचे लाल-पिवळे दिवे पाहून ती त्यांना सुचली. बदली आणि कार्ड एकाच वर्षी आली, हे मला गमतीचे वाटते. जणू नव्या सोयीबरोबर नवा शिपाईही आला.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या भारतात झाला. त्यातले काही सामने नवी मुंबईत नेरूळच्या मैदानावर झाले. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या त्या संघात होता. त्या स्पर्धेच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रातील दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम सरकारने केला होता. तेव्हा मी अगदी लहान होतो. गुरुजींनी सांगितले म्हणून मला कळले.

आम्ही केलेला प्रयोग

हा अभ्यास वर्गात सांगितल्यावर गुरुजी म्हणाले, “नुसतं वाचून नको, मोजून बघा.” मग आम्ही शाळेच्या अंगणात मोजले. अंगणाच्या मधोमध एक मुलगा उभा केला. तिथून रेषेपर्यंत वीस पावले होती. गुरुजींच्या घड्याळावर मोजले.

धावत बाहेर जाणे — ६ सेकंद
साधे चालणे — १४ सेकंद
मुद्दाम हळू चालणे — २७ सेकंद
गंजी काढून दुसऱ्याने घालणे — २२ सेकंद
गंजीऐवजी हाताला निळी पट्टी बांधणे — ११ सेकंद
पट्टी आधीच बांधून तयार असणे — ० सेकंद

यावरून असे दिसते की मुद्दाम केलेल्या उशिराइतकाच गंजीचाही उशीर आहे. तो आपल्याला कमी करता येतो.

आम्ही काय ठरवले

वर्गात चर्चा करून आम्ही पुढच्या सामन्यासाठी असे ठरवले आहे.

१. प्रत्येक बदली खेळाडूच्या हाताला निळी पट्टी आधीपासूनच बांधलेली असेल. कोणाच्या घरी निळे जुने कापड असेल तर कृपया शाळेत द्यावे.

२. बदल्या शेवटच्या चार मिनिटांत नाही, तर प्रत्येक भागाच्या मधोमध, म्हणजे सात-आठ मिनिटांनी करायच्या. मग त्या खेळण्यासाठीच होतील.

३. जवळच्या रेषेवरून बाहेर जायचे. हात मिळवायचे ते सामना संपल्यावर.

४. पुळणीवर सामना असेल तर भरतीची वेळ आधी विचारून घ्यायची आणि दहा मिनिटे हातची ठेवायची. पंचांनी भरपाई दिली आणि मैदानातच पाणी आले, तर खेळणार कुठे?

५. पंचांनी बोटे वर केली की ओरडायचे नाही. आधी बेरीज करायची.

पालकांनाही एक विनंती आहे. रेषेबाहेरून काही मोठी माणसे ओरडतात, “वेळ काढा रे, वेळ काढा!” कृपया असे ओरडू नये. आम्ही लहान आहोत, सांगितले तसे करतो.

शेवटचे

एक गोष्ट मला उशिरा समजली. मी आत गेलो तेव्हा पंधरा मिनिटे संपतच आली होती. बॉल माझ्याकडे आला तो भरपाईच्या दोन मिनिटांत. सरांनी ती दोन मिनिटे दिली नसती, तर त्या सामन्यात माझ्या पायाला एकदाही बॉल लागला नसता. मी ज्या दोन मिनिटांसाठी सरांवर ओरडलो, तेवढीच दोन मिनिटे मी खेळलो. ती त्यांच्याच मुलांची नव्हती, माझीही होती.

दुसऱ्या सोमवारी ते सर आमच्या शाळेत आले होते. मी त्यांना नमस्कार केला आणि “चुकलं” म्हटलं. ते म्हणाले, “बॉल जरा आतल्या बाजूला मारायचा.”

स्वाध्याय

१. एका सामन्यात चार बदल्यांना प्रत्येकी २५ सेकंद लागले आणि एका जखमी खेळाडूसाठी ८० सेकंद गेले. भरपाई वेळ किती?

२. भरपाई वेळ आणि जादा वेळ यांत फरक काय?

३. कबड्डीत टाइम-आउट घेऊन बदली केली तर भरपाई का लागत नाही?

४. खरा काटा रुतला तरी भरपाई द्यायची का? का?

उत्तरे वहीत लिहून मला दाखवावीत. काही चुकले असेल तर मोठ्यांनी सांगावे, मी दुरुस्त करीन.

— इयत्ता चौथी